खारट मातीचे घमेले

मित्रांनो, हेवा करणाऱ्याची कहाणी सहसा कोणी वाचत नाही. शूर तलवारीची वाचतात, थकलेल्या बैलाची वाचतात, पडक्या किल्ल्याची तर परीक्षेसाठी पाठसुद्धा करतात. माझ्या वाट्याला यांतले काही आले नाही. मी घमेले आहे. काळे, रबराचे, काठाशी थोडे चिरलेले, आणि इतके जुने की अंगावर छापलेले दुकानाचे नाव केव्हाच पुसून गेले. जन्मापासून मी कोणाचा ना कोणाचा हेवा करत आले. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे माझ्या बोलण्याला आंबट चव लागली तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझा जन्म टायरांपासून झाला. रस्त्यावर झिजून निकामी झालेल्या टायरांचा भुगा करतात, तो तापवतात आणि साच्यात दाबतात. ज्या टायरांपासून मी झाले, त्यांनी मोठमोठे रस्ते पाहिले होते, समुद्रकाठची गावे पाहिली होती. मी पाहिली ती एका दुकानाची मागची भिंत. घमेल्यांच्या उतरंडीत मी सर्वांत खाली होते. गिऱ्हाईक आले की वरचे घमेले उचलून न्यायचे. वरच्यांना माणसाचे हात लागायचे, माझ्या अंगावर वरच्यांचे ओझे. माझे पहिले शिक्षण ते असे.

मग एका उन्हाळ्यात वरची सगळी घमेली खपली आणि मी उरले. त्याच दिवशी शशिधर नावाचे गृहस्थ बायकोला, मधुमतीला, घेऊन दुकानात आले. पुण्याहून लंडनच्या एका बँकेत सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली ही माणसे, नुकतेच तिथल्याच स्टॅनमोर उपनगरात घर घेतलेली. पुढे त्यांची मुलगी त्यांना आई-बाबा म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणते.

बाबांनी मला पाहिले आणि ते मोठ्याने ओरडले, "मधू, हे बघ! घमेलं! इथे घमेलं मिळतं!"

त्यांनी मला उचलले आणि थेट डोक्यावर घेतले.

"अहो, उतरवा ते. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना काय माहीत घमेलं कसं न्यायचं असतं ते."

"तुम्हाला तरी काय माहीत? जन्मात वीट उचलली आहेत का?"

उचलली नव्हती. पण त्या उन्हाळ्यात बाबांनी माझ्यात सिमेंट कालवून घरामागच्या सगळ्या जागेत फरशी घातली. आईला चिखल नको होता आणि बाबांना गवत कापायचे नव्हते, त्यामुळे दोघांच्या एकमताने मातीचा तसूभर तुकडाही शिल्लक राहिला नाही. फरशी जराशी वाकडी झाली. पाहुणे यायचे, चहाचा कप हातात घेऊन फरशीचे कौतुक करायचे. सिमेंट कोणात कालवले, हे कोणी विचारले नाही. मी कोपऱ्यात वाळत होते आणि फरशीवर जळत होते.

त्यानंतरचा एक उन्हाळा मात्र माझा होता. त्यांची मुलगी ऋजुता तेव्हा नुकती चालायला लागली होती. ऊन फार झाले की बाबा माझ्यात पाणी भरायचे आणि ती माझ्यात बसायची. तिच्या टाचांची धडधड अजून माझ्या तळाला आठवते. पुढच्या वर्षी दुकानातून फुगवायचा तलाव आला, निळा, बदकांची चित्रे असलेला. त्या तलावाविषयी मी काही बोलणार नाही. तो लवकरच फुटला, एवढेच सांगते.

मग मला शेडमध्ये ठेवले. रंगाचे अर्धवट डबे, गंजलेली सायकल आणि मी. ऋजुता शाळेत गेली, कॉलेजात गेली, केंब्रिजला एका लॅबमध्ये नोकरीला लागली. हे सारे मला शेडच्या फटीतून कळायचे. अशी कितीतरी वर्षे गेली.

एका शरद ऋतूत शेडचे दार उघडले. बाबा दारात उभे होते. मी त्यांना आधी ओळखलेच नाही. कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. त्यांना कॅन्सर झाला होता आणि तो हाडांपर्यंत पोचला होता. हे त्यांनी मला सांगितले नाही. घरात सगळे जण ज्या हळू आवाजात बोलत होते, त्यावरून मला समजले.

हॉस्पिटलने गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतली की बाबा दिवसभर झोपायचे. नाही घेतली की दुखण्याने ओठ चावायचे.

"मला या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी राहायचंय, मधू," ते म्हणाले. "जागं आणि जरा बरं. एवढंच."

म्हणून त्यांनी ठरवले, की गांजाचे झाड घरात वाढवायचे. कोणाकडून तरी बी आणले. मित्रांनो, त्या झाडाचा अशा दुखण्याला उपयोग होतो की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी घमेले आहे, डॉक्टर नाही. या देशात ते झाड असे घरी लावणे गुन्हा आहे, हे मात्र त्या घरात सर्वांना ठाऊक होते.

ऋजुताला फोनवर कळले तेव्हा ती केंब्रिजहून इतक्या जोरात बोलली की फोन बाजूला ठेवूनही ऐकू आले. "बाबा, आर यू सीरियस? हे इल्लीगल आहे! पोलिसांनी पकडलं तर?"

"आधीच एकाने पकडलंय," बाबा म्हणाले. "पोलिसांना म्हणावं, लायनीत उभे राहा."

ऋजुताची लहानपणची खोली वर होती, एका पलंगापुरती. तिथे बाबांनी कापडाचा तंबू उभारला, आतून चांदीसारखा चकाकणारा. त्यात दिवा लावला, छोटा पंखा बसवला. आणि मला धुऊन, पुसून, जिन्याने वर नेले. मी प्रथमच घराच्या आत आले होते. माझ्याखाली वर्तमानपत्र घातले होते, पण त्याच्याखाली गालिचा होता. त्या दिवशी मला कोणाचाही हेवा वाटला नाही. असे दिवस माझ्या आयुष्यात थोडे आहेत, म्हणून तो नीट लक्षात आहे.

बाबांना दुकानातली माती नको होती. "पिशवीतल्या मातीत काय असतं देव जाणे. जे पोटात जाणार ते आपल्या मातीतलं पाहिजे," ते म्हणायचे. मग माझ्यात माती तयार होऊ लागली. नारळाचा काथ्या भिजवून मोकळा केला. वापरलेली चहापत्ती, भाज्यांची देठे, शेंगांची टरफले आधीच एका डब्यात कुजत होती, ती आली. शेजारच्या हॅरो भागापलीकडच्या तबेल्यातून घोड्याची लीद आली, जुनी, वास गेलेली. देव्हाऱ्यातले निर्माल्य कचऱ्याच्या पेटीत टाकायला आईचा जीव धजत नसे. ते माझ्याकडे आले. पुण्याच्या एका मित्राने फोनवर सांगितल्याप्रमाणे ताकात गूळ आणि बेसन कालवून बाबांनी ते पाणी मातीवर शिंपडले.

"आता हिला मुरू द्यायची," ते म्हणाले, "लोणच्यासारखी."

माती झाकायला त्यांनी आईची जुनी सुती साडी फाडली.

"माझी साडी? गांजाच्या मातीवर?" आई दारातूनच म्हणाली.

"जुनी होती गं."

"मीही जुनीच आहे. मलाही फाडा."

बाबा रोज येऊन साडी बाजूला करायचे, मातीत हात घालायचे, मूठ दाबून उघडायचे. माती मुठीत धरली की गोळा व्हायची आणि बोटाने टोचली की सुटायची. ते वास घ्यायचे. "वा," म्हणायचे. ते ‘वा’ माझ्यासाठी होते, असे मी धरून चालले.

मग बी रुजले.

तंबूच्या आत, दिव्याखाली, कुंडीत दोन पाने वर आली आणि त्या दिवसापासून मी पुन्हा कोपऱ्यात गेले. माती माझ्यात तयार व्हायची, मुरायची, आणि नंतर तिच्या कुंडीत जायची. उरलेली माझ्यात राहायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी तिला वरून भर घालण्यासाठी. पण बाबा बोलायचे ते तिच्याशी. ओल्या फडक्याने तिची पाने पुसायचे. तिला पंख्याचा वारा जास्त लागतो का, कमी लागतो का, हे पाहत स्टुलावर बसायचे. तिला प्रकाश होता. मला तंबूच्या फटीतून येणारी एक पांढरी रेघ.

"आयुर्वेदात हिला विजया म्हणतात," त्यांनी आईला सांगितले.

"छान आहे नाव," आई म्हणाली. "सवतींची नावं छानच असतात."

मला आई तेव्हा पहिल्यांदा आवडली.

विजया मोठी झाली तसा तिचा वास वाढला. आई दिवसभर उदबत्त्या लावू लागली. शेजारच्या हरीशभाईंनी एकदा कुंपणावरून विचारले, "भाभी, तमारे यहाँ रोज पूजा होती है?" आई म्हणाली, "हो, संकट मोठं आहे." यात ती खोटे काही बोलली नाही.

ऋजुता दर रविवारी फोन करायची. बाबा फोन घेऊन वर यायचे आणि कॅमेरा विजयावर धरायचे.

"हे बघ, हा नवा फाटा. कालच आला."

"हो बाबा. बाबा, माझं प्रमोशन झालं."

"अरे वा! आणि हे पान बघ, किती रुंद आहे."

ती म्हणाली, "हो बाबा. खूप रुंद आहे." त्या आवाजात काय होते ते मला लगेच ओळखू आले. ज्याच्याकडे जे असते, ते त्याला दुसऱ्यात चटकन दिसते. तिच्याच खोलीत, तिच्याच भिंतीशी, तंबूत ते झाड उभे होते, आणि बाबा त्याच्या उंचीच्या खुणा भिंतीवर पेन्सिलने करत होते.

आता शनिवारची गोष्ट सांगते.

शनिवारी दुपारी जेवून बाबा खालच्या खुर्चीत डुलकी घ्यायचे. अशाच एका शनिवारी आई वर आली. तिची मूठ बंद होती. तिने माझ्यावरची साडी एका बाजूने उचलली, मूठ माझ्यात रिकामी केली, मातीत जरा आत दाबली आणि साडी पुन्हा नीट पसरून खाली गेली. खडे मीठ होते आणि मोहरी.

दृष्ट काढतात ती तुम्ही पाहिली असेल. मूठभर मीठ-मोहरी माणसावरून उतरवायची, पुटपुटायचे आणि विस्तवात टाकायची. मोहरी तडतडली की दृष्ट गेली. आई बाबांची दृष्ट काढत होती, ते झोपेत असताना. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. मग दर शनिवारी.

खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले. सगळे घर त्या झाडाकडे बघत होते आणि आई माझ्याकडे येत होती. तिची मूठ गरम असायची. बाबांवरून उतरलेले काही विजयाच्या आधी माझ्याकडे येत होते.

थोड्या आठवड्यांनी विजयाच्या पानांची टोके तपकिरी झाली. मग कडा करपल्या. मग खालची पाने वाळून गळू लागली.

मला बरे वाटले, हेही सांगून टाकते. पण ते बरे वाटणे फार टिकले नाही. बाबांनी दिवा उंच केला, पाणी कमी केले, पाणी जास्त केले, पंखा फिरवला. काही उपयोग होईना. शेवटी ते माझ्यासमोर स्टुलावर बसले, माती मुठीत घेतली, उघडली आणि परत टाकली.

"मातीच वाईट निघाली," ते म्हणाले.

मित्रांनो, आयुष्यभर कौतुकाची वाट पाहावी आणि पहिल्यांदा आपले नाव निघावे ते असे. माझ्यात मुरलेल्या मातीला ते वाईट म्हणाले. आणि मला काही सांगता येईना. घमेल्याला तोंड मोठे असते, पण ते बोलायचे नसते.

बाबा दिवसेंदिवस जास्त वेळ वर बसू लागले. जिना चढताना मध्येच थांबायचे, कठड्याला धरून श्वास घ्यायचे. आई खालून म्हणायची, "मी येऊ का?" ते म्हणायचे, "नको, मी करतो." खाली टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.

मग एका सकाळी त्यांनी तंबूची चेन उघडली आणि ते तसेच उभे राहिले. विजयाच्या बुडाशी, कुंडीच्या मातीत, इवली इवली हिरवी रोपे उगवली होती. दोन-दोन गोल पाने, मध्ये खाच. लीदीतून आलेले गवत असेल, असे समजून त्यांनी एक रोप उपटले. वास घेतला. चावून पाहिले आणि तोंड वाकडे केले. मग ते गुडघे टेकून माझ्यासमोर बसले. त्यांना गुडघे टेकायला फार वेळ लागला. त्यांनी साडी ओढून बाजूला केली आणि मातीत हात घातला. वर आला तेव्हा बोटांत अर्धवट विरघळलेला मिठाचा खडा होता. तो त्यांनी जिभेला लावला.

"मधू!"

आई धावत वर आली. हाताला कणीक लागलेली होती. "काय झालं? पडलात का?"

"हे काय आहे?"

तिने रोपाकडे पाहिले. "मोहरी."

"माझ्या मातीत?"

"पंजाबी लोक भाजी करतात तिची."

"मधू."

"दृष्टीची आहे," आई म्हणाली. "मीठही दृष्टीचंच आहे."

"कोणाच्या दृष्टीचं?"

"तुमच्या. आणखी कोणाची काढणार, हिची?"

"कधी काढलीस? मला कसं कळलं नाही?"

"शनिवारी तुम्ही घोरत असता तेव्हा. जागेपणी काढू दिली असतीत? म्हणाला असतात, मधू, काय हा बावळटपणा."

बाबा तसेच म्हणाले असते.

"आणि टाकायला माझी मातीच मिळाली?"

"मग कुठे टाकू? शेगडीला जाळ नाही, नुसती काच आहे. तव्यावर टाकली तर अलार्म बोंबलतो आणि हरीशभाई धावत येतात. बाहेर तुम्ही सगळीकडे फरशी घालून ठेवलीत. माझी आई सांगायची, दृष्टीचं कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. जाळ नसेल तर मातीत टाकायचं, मातीत जिरतं. आख्ख्या घरात माती म्हणून आहे ती एवढीच."

"मीठ जिरत नाही गं. मीठ मातीला मारतं."

"मला काय माहीत? मी डेक्कनला तिसऱ्या मजल्यावर वाढले. आमच्याकडे एक तुळस होती, तिलाही कामवाल्या बाई पाणी घालायच्या."

बाबा हसायला लागले. हसताना बरगड्या दुखल्या, तरी हसत राहिले. आई हसली नाही.

"हसू नका," ती म्हणाली. "तुम्ही रोज वर येता. हिच्याशी बोलता. हिची पानं पुसता. मी तुमचं अंग पुसायला आले की म्हणता, ठेव, मी करतो. डोकं चेपू? नको. भरवू? मी काय लहान आहे का? नखं कापू? मी करतो. मग मी काय करायचं? मी खाली बसून काय करायचं, सांगा ना. तुम्ही चाललात, हे मला कळतंय. हिच्यासाठी तुमच्याकडे दिवसभर वेळ आहे. मला शनिवारची एक मूठ. तीही तुम्ही झोपलात म्हणून."

बाबा जमिनीवर बसले होते, त्यांना एकट्याने उठता येणार नव्हते. ते आपल्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

"वाढलीयेत बघ नखं."

आईने पाहिले. प्रत्येक नखात माझी माती होती. "आधी हात धुवा."

"तू धू."

तिने त्यांना काखेत हात घालून उठवले. भिंतीपलीकडच्या बाथरूममध्ये नळ सुटला. बराच वेळ चालू होता. मधूनच आईचा आवाज आला, "हलवू नका हो बोट," आणि बाबांचा, "कापू नकोस म्हणजे झालं." मग नखे कापल्याचा बारीक कट कट आवाज. विजयावर मी जितके जळले असेन, त्याहून त्या नळाच्या पाण्यावर जास्त जळले. माझी माती त्यांच्या नखांतून निघून चालली होती.

मिठाची माती सुधारता येते. भरपूर पाणी सोडत राहायचे, मीठ खाली उतरते. बाबांना हे ठाऊक होते, त्यांनी आईला सांगितलेही. पण त्यांनी ते केले नाही. विजयाची पाने गळू दिली. थोड्या दिवसांनी ती उपटली, तंबू घडी करून ठेवला, आणि मला माझ्यातल्या मातीसकट हरीशभाईंनी खाली आणून मागच्या फरशीवर ठेवले. काय आहे, काय होते, त्यांनी काही विचारले नाही. जाताना फक्त म्हणाले, "भाभी, अब अगरबत्ती थोडी कम चलेगी."

त्यानंतर बाबा वर गेले नाहीत. मागच्या खोलीत त्यांचा पलंग लावला. खिडकी उघडी असली की मला ऐकू यायचे. ते गोळ्या घेऊ लागले होते, पुष्कळ झोपायचे. पण जागे असले की आईला हाक मारायचे. पाणी दे. उशी नीट कर. पाठ पूस. कधी कधी मला वाटे, यातले निम्मे त्यांना नकोच आहे, ते तिच्यासाठी मागताहेत. आणि आई कुरकुर करायची, "एक मिनिट बसू देत नाहीत," आणि तिचा तो आवाज समाधानाने इतका भरलेला असायचा, की मला ऐकवत नसे. ऋजुता रविवारी ट्रेनने यायची. आई दारातच ओठांवर बोट ठेवायची. "आत्ताच झोपलेत." ऋजुता इथे, फरशीवर, माझ्या शेजारी पायरीवर बसून चहा प्यायची. कप संपला तरी हातात धरून बसायची.

मे महिन्यात बाबा गेले.

तेराव्यानंतर ऋजुता गाडी घेऊन आली. आवराआवर चालली होती. ती मागच्या दारी आली आणि माझ्यापाशी थांबली.

"आई, हे घमेलं मी नेऊ?"

"त्याचं काय करणारेस? माती सगळी खारट आहे."

"असू दे."

"इथेच राहू दे."

"आई, तुझ्याकडे सगळं आहे. बाबांचा चष्मा, स्वेटर, खुर्ची. शेवटचे महिनेसुद्धा तुझ्याकडे आहेत. मी यायचे तेव्हा ते झोपलेले असायचे."

"मग उठवायचं होतंस."

"तू उठवू द्यायची नाहीस."

आईने पदर खोचलेला होता, तो सोडला आणि पुन्हा खोचला.

"नाही द्यायचे," ती म्हणाली. "खरं आहे. इतक्या वर्षांनी ते माझ्या हातात आले होते गं. मला कोणी नको होतं मध्ये. तूसुद्धा."

"ते माझेही होते."

"हो."

दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या. जन्मभर मी दुसऱ्यांकडे बघून जळले. आज माझ्यासाठी दोघी भांडत होत्या. मला वाटायला हवे होते तसे काही वाटले नाही. मला फक्त वाटले, यांच्यातल्या एकीने तरी रडावे.

"ने," आई म्हणाली. "थांब, धुऊन देते. गाडी घाण होईल."

ती नळाकडे वळली. ऋजुताने तिचा हात धरला.

"धुऊ नकोस. त्यात त्यांचे हात आहेत."

आई नळापासून परत फिरली. मग तिने माझ्यात हात घातला, मूठभर माती घेतली, बाबा घ्यायचे तशी दाबली आणि उघडली. तिला ते कधी कोणी शिकवले नव्हते. ती दारातून बघत असणार. तिने ती माती ऋजुताच्या तळहातावर ठेवली आणि वर स्वतःचा हात ठेवला. मग त्या दोघी रडल्या, फरशीवर उभ्या राहून, पुष्कळ वेळ. मला गाडीत ठेवेपर्यंत अंधार झाला.

आता मी केंब्रिजला असते. ऋजुताच्या खिडकीखाली, माती तशीच भरलेली. आई महिन्यातून एकदा येते, दोन रात्री राहते. ऋजुता आता तिला डोक्याला तेल लावू देते. पूर्वी देत नसे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला धुवा, रंगवा, फेकून द्या. घमेली पुष्कळ मिळतात. पण घरात कोणी तुमच्यासाठी काही करायला पुढे आले, तर लगेच ‘मी करतो’ म्हणू नका. तुम्हाला जमत असेल तरीही. आणि ज्याच्या हातात माणूस आला असेल त्याने दाराशी उभे असलेल्यालाही आत बोलवावे. झोपलेला माणूस उठला तर उठला.